बकेट मोठी, ट्रॅक्टर छोटा

वस्तू व सेवा कराच्या दररचनेत २२ सप्टेंबर २०२५ पासून झालेल्या बदलामुळे शेतीच्या ट्रॅक्टरवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे टायर आणि हायड्रॉलिक पंप यांवरील कर तर १८ टक्क्यांवरून थेट ५ टक्क्यांवर उतरला. या सवलतीची चर्चा झाली ती प्रामुख्याने किमतीच्या अंगाने. परंतु ट्रॅक्टर आवाक्यात आल्याने एक जुनाच प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. छोट्या ट्रॅक्टरच्या पुढे कोणती बकेट जोडावी आणि तिच्याकडून किती काम घ्यावे, हा तो प्रश्न. वरवर पाहता हा शेतकरी आणि वर्कशॉपवाला यांच्यातला व्यवहार. प्रत्यक्षात त्यात बँकेचे कर्ज, विम्याचे संरक्षण, सरकारी अनुदान आणि चालकाचा जीव अशा चारही गोष्टी गुंतलेल्या आहेत. शहरात नोकरी करून गावची जमीन सांभाळणाऱ्या किंवा शहराबाहेर फळबाग लावणाऱ्या वर्गालाही तो म्हणूनच परका नाही.

लहान शेती, लहान यंत्र

महाराष्ट्रातील सरासरी वहिती क्षेत्र १९७०-७१ च्या कृषी गणनेत ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या गणनेत ते १.३४ हेक्टरवर आले. एवढ्या तुकड्यात ४५-५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर वळवणेही अवघड. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत दोन ओळींमधील अंतर साधारण नऊ-दहा फूट असते आणि वर वेलींचा मांडव. तेथे १५ ते ३० अश्वशक्तीचा, अरुंद बांध्याचा ट्रॅक्टरच चालतो. महिंद्रची ‘युवराज’, कुबोटाची ‘बी’ मालिका आणि २०२३ मध्ये आलेली महिंद्रचीच ‘ओजा’ मालिका यांना बाजारपेठ मिळाली ती या गरजेतून.

हा ट्रॅक्टर आला नांगरणी-फवारणीसाठी. पण शेतकऱ्याचे खरे अडलेले काम असते उचलण्याचे. उसाला हेक्टरी २० ते २५ टन शेणखत घालायचे तर ते भरणार कोण आणि पसरणार कोण? ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये पुन्हा हाती घेण्यात आली. तिच्यामुळे तलावातला गाळ बांधापर्यंत पोहोचला, तरी तो शेतभर पसरण्याचे काम उरतेच. पूर्वी बैलांच्या केणीने माती ओढली जाई आणि खताची पाटी डोक्यावरून जाई. आता बैल कमी झाले आणि मजूर वेळेवर मिळत नाहीत. साहजिकच ट्रॅक्टरच्या पुढे लोडरचे हात आणि त्यांना बकेट, ही जोडणी लोकप्रिय होऊ लागली.

कामागणिक बकेट वेगळी

बकेट म्हणजे एक पत्र्याची पेटी, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. सुटी माती, वाळू, खडी यांसाठी सरळ धारेची साधी बकेट पुरते. घट्ट मातीत शिरण्यासाठी तिच्या धारेवर दात हवेत. मात्र तीच दातांची बकेट जमीन सपाट करताना सऱ्या पाडत जाते. म्हणून काढता-घालता येणारी दातांची पट्टी हा मधला मार्ग सोयीचा ठरतो. शेणखतासाठी काट्यांचे दाते असलेला फाळका उत्तम, कारण गुंतलेले खत पत्र्याच्या धारेने तुटत नाही, ते दात्यांनीच सुटते. शेतातले दगड वेचायला तळाशी जाळी असलेली बकेट लागते. माती खाली गळते आणि दगड वर राहतात. पाचट, फांद्या, ओंडके यांसाठी वरून दाबून धरणारी पकड असलेली बकेट हवी, तर फळांचे क्रेट आणि खतांच्या गोण्या यांना बकेट नव्हे, दोन सपाट काटे योग्य.

उघडणारा जबडा असलेली, चार प्रकारची कामे एकाच साधनाने करणारी बकेटही मिळते. तिची भुरळ पडणे स्वाभाविक आहे. पण तिचे स्वतःचे वजन साध्या बकेटपेक्षा बरेच अधिक असते आणि तिला किंवा पकडीच्या बकेटला हायड्रॉलिकची एक जादा जोडणी लागते. छोट्या ट्रॅक्टरच्या पंपातून मिनिटाला मिळणारे तेल मर्यादित असते. त्यात आणखी एक सिलिंडर वाढला की काम होते, पण संथ गतीने. ज्याला वर्षातून दहा महिने खत आणि माती हलवायची आहे, त्याने चौथ्या कामासाठी बाकीच्या तिन्ही कामांचा वेग गमावणे व्यवहार्य नाही.

वजनाचे गणित

बहुतेक चुका होतात त्या बकेटच्या मापात. पाव घनमीटरची बकेट घेतली आणि तीत निमसुके शेणखत भरले, तर भार साधारण सव्वाशे-दीडशे किलो होतो. त्याच बकेटमध्ये मुरूम भरला तर तो चारशे किलोच्या आसपास जातो आणि ओला गाळ भरला तर त्याच्याही पुढे. बकेट तीच, डोळ्यांना दिसणारा ढीगही तेवढाच. भार मात्र तिप्पट. म्हणून बकेटचे माप सर्वांत हलक्या मालावर नव्हे, तर तीत पडू शकणाऱ्या सर्वांत जड मालावर ठरवले पाहिजे. हलक्या मालासाठी मोठी बकेट हवीच असेल, तर ती वेगळी ठेवावी आणि तीत माती भरू नये.

या भाराचा ट्रॅक्टरवर होणारा परिणाम तराजूच्या दांडीसारखा असतो. समजा, पुढच्या आणि मागच्या आसांत दीड मीटर अंतर आहे आणि ३०० किलोचा भार पुढच्या आसाच्या १.२ मीटर पुढे आहे. अशा वेळी मागच्या चाकांवरचा २४० किलो भार उचलला जातो आणि पुढच्या आसावर ५४० किलो वाढतात. लोडरचे स्वतःचे वजन यात धरलेलेच नाही. ज्या ट्रॅक्टरचे एकूण वजनच आठशे-नऊशे किलो, त्याच्यासाठी हा बदल किरकोळ नव्हे. पुढचा आस, त्याच्या बेअरिंगा आणि टायर यांची झीज हा झाला खर्चाचा भाग. गंभीर बाब पुढेच आहे. सर्वसाधारणपणे ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांवर लागतात. मागची चाके हलकी झाली की उतारावर ब्रेक दाबूनही ती घसरतात. ट्रॅक्टर थांबत नाही, तेव्हा दोष ब्रेकचा नसतो, तर बकेटमधल्या भाराचा असतो.

यावर उपाय आहे आणि तो महागडा नाही. मागच्या तीन-बिंदू जोडणीला वजन लावणे, हा तो उपाय. वरच्याच उदाहरणात मागच्या आसाच्या ०.९ मीटर मागे २०० किलोचे वजन टांगले, तर मागच्या चाकांवर ३२० किलो परत येतात आणि पुढचा आस १२० किलोंनी हलका होतो. काँक्रीट भरलेली पेटी किंवा एखादे जड अवजार एवढ्यानेही हे साधते. मागच्या टायरमध्ये पाणी भरल्याने पकड वाढते. परंतु पुढच्या आसावरचा ताण त्याने कमी होत नाही. तो कमी होतो केवळ मागच्या आसाच्याही मागे टांगलेल्या वजनाने. हा भेद विक्रेत्याने गिऱ्हाइकाला सांगायला हवा.

जाहिरातीतला आकडा कोणाचा?

ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकात ‘उचलण्याची क्षमता’ म्हणून साडेसातशे किलोसारखा आकडा ठळकपणे छापलेला असतो. तो पुढच्या लोडरचा आहे, असे गृहीत धरून बकेट बनवून घेतली जाते. हा आकडा मागच्या तीन-बिंदू जोडणीचा असतो. पुढच्या बकेटशी त्याचा संबंध नाही. लोडरची क्षमता स्वतंत्र असते आणि तीही पुष्कळदा हातांच्या टोकाच्या खिळीपाशी मोजलेली. माल त्या खिळीच्या पुढे असतो, म्हणून प्रत्यक्षात उचलले जाणारे वजन कमी भरते. झटपट जोडणीची चौकट बसवली तर तिचे वजन वजा होते, शिवाय बकेट आणखी काही सेंटीमीटर पुढे सरकते. यातून बकेटचे स्वतःचे वजन वजा केल्यावर जे उरते, ती मालाची खरी मर्यादा.

जोडणीच्या चौकटीसाठी आयएसओ २३२०६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते पाळले गेले तर एका उत्पादकाची बकेट दुसऱ्याच्या लोडरला बसते. आपल्याकडे गावोगावच्या वर्कशॉपमध्ये बनणाऱ्या बकेटच्या खिळी आणि कान यांची मापे मात्र ज्याची त्याची असतात. वर्कशॉपमधले काम वाईटच असते असे नव्हे. दुरुस्ती जवळ होते, किंमतही परवडते. अडचण आहे ती लेखी माहितीची. बकेटचे वजन किती, आयतन किती, ती कोणत्या ट्रॅक्टरसाठी, हे तिच्यावर कोठेच लिहिलेले नसते.

वापराची शिस्त

लोडर हे खोदण्याचे यंत्र नव्हे. कठीण जमीन आधी नांगराने किंवा कल्टिव्हेटरने मोकळी करून मगच बकेट लावावी. बकेटच्या एका कोपऱ्याने दगड उपटण्याचा प्रयत्न केल्यास लोडरचे हात पिळवटतात. भरलेली बकेट जमिनीपासून जेमतेम वर ठेवून न्यावी आणि ट्रॉलीजवळ पोहोचल्यावरच उचलावी. चढावर जाताना बकेट पुढे, उतरताना ट्रॅक्टर मागे घेत, म्हणजे भार सदैव चढाच्या बाजूला राहील. उतारावर आडवे जाणे टाळावे. ट्रॅक्टरचा पुढचा आस मधल्या खिळीवर डोलतो. त्यामुळे चार चाके दिसत असली, तरी स्थैर्य सुरुवातीला तीनच बिंदूंवर अवलंबून असते. बकेट वर आणि एक चाक खड्ड्यात, एवढे निमित्त उलटण्यास पुरते. बकेटमध्ये माणूस बसवणे किंवा उचललेल्या बकेटखाली उभे राहणे, हे तर कोणत्याही परिस्थितीत वर्ज्य. इंजिन बंद करण्यापूर्वी बकेट जमिनीवर टेकलेली असावी.

कागदपत्रे आणि कायदा

शेतीसाठी नोंदलेला, शेतीकर्जावर घेतलेला ट्रॅक्टर बांधकामाच्या कामावर भाड्याने गेला आणि तेथे अपघात झाला, तर विमा कंपनी वापराच्या अटीकडे बोट दाखवू शकते. लोडर बसवण्यासाठी चेसिसवर वेल्डिंग केले, तर उत्पादकाची हमीही अडचणीत येऊ शकते. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाहनाच्या मूळ तपशिलात परवानगीविना फेरफार करण्यास मनाई करते. तेव्हा कायमस्वरूपी बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी यांना विचारणेच श्रेयस्कर.

सरकारची जबाबदारी याहून मोठी आहे. केंद्राचे कृषी यांत्रिकीकरण उप-अभियान २०१४-१५ पासून राबवले जात असून त्यातून ट्रॅक्टर व अवजारांना अनुदान मिळते. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते. ट्रॅक्टर चाचणीतून जातो. वर्कशॉपमध्ये बनलेली बकेट त्याला जुळते की नाही, हे मात्र कोणी तपासत नाही. उलटल्यास चालकाचे रक्षण करणारी लोखंडी चौकट स्वीडनने नव्या ट्रॅक्टरवर १९५९ मध्येच सक्तीची केली आणि पुढील काळात तेथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू जवळजवळ थांबले. आपल्याकडील बहुतांश ट्रॅक्टरवर ती आजही दिसत नाही. चौकट असेल तरच पट्टा बांधणे उपयोगाचे, हेही अनेक चालकांना ठाऊक नसते.

करसवलतीने ट्रॅक्टर स्वस्त झाला. सुरक्षित झाला असे नाही. प्रत्येक बकेटवर तिचे वजन, आयतन आणि भाराची मर्यादा कोरण्याची सक्ती करणे, लोडरसोबत मागचे वजन देणे बंधनकारक करणे आणि अनुदानाला संरक्षक चौकटीची अट जोडणे, या तीन गोष्टींना तिजोरीवर फारसा बोजा पडणार नाही. तोवर शेतकऱ्याने वर्कशॉपच्या पायरीवर एकच प्रश्न विचारावा. बकेट किती मोठी बनवता येईल, असे न विचारता आपला ट्रॅक्टर किती पेलेल, असे विचारावे. उत्तर लेखी मिळाले नाही, तर बकेट एक माप लहान घ्यावी. खेपा दोन-चार जास्त होतील; पुढचा आस आणि चालक दोघेही शाबूत राहतील.