निर्णायक खेळी कोणती?

हिवाळ्यातल्या एखाद्या दुपारी चंडीगडच्या सेक्टर ४२ मधील हॉकीच्या मैदानावर जाऊन बसावे. प्रेक्षकांत दोन जाणती माणसे असली आणि खेळ जरा मंदावला, की एक वाद हमखास निघतो : भारतीय हॉकीच्या इतिहासातील सर्वांत निर्णायक खेळी कोणती? वादाप्रमाणे त्याचा निकालही बहुधा ठरलेलाच असतो. १५ मार्च १९७५, क्वालालंपूर, विश्वचषकाचा अंतिम सामना. पाकिस्तानशी १-१ अशी बरोबरी. आणि मेजर ध्यानचंदांचे चिरंजीव अशोक कुमार यांचा तो गोल. चेंडू खांबाच्या कोपऱ्यावर आदळून बाहेर आला, पाकिस्तानच्या खेळाडूंनी हरकत घेतली, पंचांनी गोल दिला आणि भारताने विश्वचषक जिंकला. ‘आता यापुढे बोलायचे काय उरले?’ असे म्हणून मंडळी विजयी मुद्रेने शेंगा सोलू लागतात.

बोलायचे पुष्कळ उरले आहे. हा निकाल आम्हांला मुळीच मान्य नाही. अशोक कुमारांच्या कौशल्याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. आमची तक्रार आहे ती न्याय देणाऱ्यांच्या तराजूविषयी. पराक्रम आणि निर्णायकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमचे रसिक त्यांची सर्रास गल्लत करतात. १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात बलबीरसिंग सीनियर यांनी हॉलंडवर पाच गोल चढविले. सामना ६-१ असा सुटला. यापरता पराक्रम तो कोणता? पण त्या पाचांतला कोणताही एक गोल वगळा. सुवर्णपदक जागचे हलत नाही. जे वगळले असता निकाल बदलत नाही त्याला अद्भुत म्हणा, अविस्मरणीय म्हणा. निर्णायक म्हणू नका.

मग निर्णायक कशाला म्हणावे? आमची कसोटी साधी आहे. जी खेळी फसली असती तर पुढे भरपाईचा कोणताच मार्ग उरला नसता, ती निर्णायक. या कसोटीवर अशोक कुमारांचा गोल घासून पाहा. त्या काळी सामना ७० मिनिटांचा असे. तो गोल ५१व्या मिनिटाला झाला. तो हुकला असता तर सामना बरोबरीतच राहिला असता आणि १९ मिनिटे हाताशी असती. आता दोन दिवस मागे चला. उपांत्य सामना यजमान मलेशियाशी. भारत १-२ असा पिछाडीवर. सामना संपायला काही मिनिटेच शिल्लक. राखीव खेळाडूंत बसलेल्या अस्लम शेरखान यांना मैदानात उतरविण्यात आले आणि त्यांनी पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली. पुढे जादा वेळेत हरचरणसिंग यांनी विजयी गोल केला. अस्लमचा तो फटका चुकता तर? तर अंतिम सामनाच नव्हता, अशोक कुमारांना ते मैदानच मिळाले नसते आणि आमच्या या मित्रांना शेंगांबरोबर चघळायला हा वादही नसता!

यावर प्रतिपक्षाचा एक आक्षेप आम्ही ऐकला आहे. तो असा, की या न्यायाने मागे मागेच जावे लागेल. साखळी फेरीत अर्जेंटिनाकडून हरल्यावर पश्चिम जर्मनीला नमविले नसते, तर उपांत्य फेरी तरी कुठली? आणि असेच मागे जात राहिलो, तर काठी तासणाऱ्या सुतारापाशी जाऊन थांबावे लागेल. आक्षेप चतुर आहे, खरा नाही. कारणांची साखळी अनंत असते हे मान्य. पण थांबायचे कुठे, हेही ठरविता येते. जिथे एखाद्या माणसापुढे दोन वाटा मोकळ्या होत्या, दोहोंचे परिणाम त्याला ठाऊक होते आणि त्याने जाणूनबुजून एक पत्करली, तिथे थांबावे. सुतारापुढे असा प्रसंग नव्हता. बाकावर न वापरलेला खेळाडू आहे आणि घड्याळ पळते आहे, अशा वेळी संघाचे व्यवस्थापक असलेल्या बलबीरसिंगांपुढे तो होता. फसते तर खापर त्यांच्याच माथी फुटले असते. म्हणून आमच्या मते त्या चषकाची निर्णायक खेळी चेंडूला काठी लागण्याच्या आधी, मैदानाच्या बाहेर, एका माणसाच्या मनात खेळली गेली.

आणि तो निर्णय काही आकाशातून पडला नव्हता. कोण केव्हा उपयोगी पडेल हे ज्ञान आले कुठून? ते आले इथल्याच पंजाब विद्यापीठाच्या आवारातून. विश्वचषकापूर्वीचे सराव शिबिर चंडीगडमध्ये भरले होते. ते चालू असतानाच बलबीरसिंगांचे वडील निवर्तले. शिबिराचे काम मात्र त्यांनी सोडले नाही. ज्या शहरात तो चषक घडविला गेला त्या शहरातल्या रसिकांनी क्वालालंपूरच्या खांबाची कहाणी तोंडपाठ म्हणावी आणि आपल्या अंगणातल्या त्या शिबिराचा उच्चारही करू नये, याला काय म्हणावे?

गोल न होणे ही तर आमच्या हिशेबी घटनाच नव्हे! १९५६ साली मेलबर्नला रणधीरसिंग जेंटल यांच्या एकुलत्या गोलावर आपण पाकिस्तानला १-० असे हरविले. तो गोल सर्वांना स्मरतो. त्या संपूर्ण स्पर्धेत भारतावर एकही गोल झाला नाही, हे किती जणांना स्मरते? अंतिम सामन्यात गोलरक्षक शंकर लक्ष्मण होते. त्यांनी काही केले नसते, तर जेंटल यांच्या गोलाला अर्थ उरला नसता. ५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोला जर्मनीविरुद्ध अखेरच्या सेकंदांत श्रीजेश यांनी पेनल्टी कॉर्नर अडविला, तेव्हा कुठे आमच्या रसिकांना गोलरक्षक नावाचा प्राणी दिसला.

सर्वांत मोठ्या उलथापालथीत तर खेळाडूच नव्हता. १९७६ साली माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली. आदल्याच वर्षीचे विश्वविजेते आपण. तिथे सातवे आलो. ज्या देशांनी तशी मैदाने भराभर अंथरली ते पुढे गेले. आपली मुले गवतावर आणि मातीवरच शिकत राहिली. हा डाव कोणत्या सामन्यात हरलो? कोणत्याही नाही. तो कचेऱ्यांतून आणि अंदाजपत्रकांतून हरलो. क्षणाच्या भक्तांना हे दिसत नाही, कारण कचेरीत टाळ्या वाजत नाहीत.

वाचक विचारतील, पंजाबी मैदानावरचे हे भांडण मराठी मासिकात कशाला? कारण रोग आपलाही तोच आहे. बलबीरसिंगांनी ज्या हेलसिंकीत पाच गोल केले त्याच हेलसिंकीत गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. आपण पदक सांगतो, कुस्त्या सांगतो. पण या पैलवानाला तिथे पोहोचता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले, त्या डावाला आपण कोणता क्रमांक देतो? दोन वाटा मोकळ्या होत्या; एका शिक्षकाने महागडी पत्करली. निर्णायक म्हणतात ते याला.

हा नुसता शब्दांचा काथ्याकूट नव्हे. समाज ज्याला निर्णायक म्हणतो तेच तो जपतो. बाकीचे अडगळीत जाते. बलबीरसिंगांनी आपली अनेक पदके, मेलबर्नचा कोट आणि छायाचित्रे १९८५ साली नियोजित संग्रहालयासाठी सरकारच्या क्रीडा प्राधिकरणाकडे सोपविली. २०१२ साली ती मागितली, तेव्हा सापडेनात. २५ मे २०२० रोजी मोहालीत त्यांचे निधन झाले. तो ठेवा काही त्यांच्या हाती परत आला नाही. २०२१ साली मोहालीच्या हॉकी मैदानाला त्यांचे नाव दिले गेले, हे योग्यच झाले. पण नाव देणे सोपे असते, जपणे कठीण.

तेव्हा वाद जरूर घाला. वाद घालणारे प्रेक्षक आहेत तोवरच खेळाला इतिहास आहे. मात्र पुढच्या वेळी मैदानावर बसाल तेव्हा ‘कोणाचा गोल?’ एवढ्यावर थांबू नका. तो हुकला असता तर काय उरले असते, ते विचारा. खेळाडूला तिथवर कोणी आणले, ते विचारा. आणि ज्यांनी ते शिबिर डोळ्यांनी पाहिले अशी माणसे आज या शहरात भेटली, तर त्यांच्यापाशी बसून ऐका आणि लिहून ठेवा. ती संधी हुकली, तर भरपाईचा मार्ग उरणार नाही.