सोलर बसवलं, पण त्याच्याकडे बघतंय कोण?

महाराष्ट्रात सध्या सोलरची प्रत्येक बातमी मेगावॅटमध्ये येते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० चं लक्ष्य १६,००० मेगावॅट. तिचा पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला, तो ३ मेगावॅटचा. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला वाशिमच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी पाच प्रकल्पांचं लोकार्पण केलं, ते मिळून १९ मेगावॅट. इकडे वडवणीसारख्या तालुक्याच्या गावातही दुकानं, दवाखाने, पेट्रोल पंप यांच्या छतांवर पॅनल दिसायला लागलेत. मालकाला विचारलं तर तोही किलोवॅटच सांगतो. "आपलं वीसचं आहे."

पण किलोवॅट ही क्षमता झाली. बिल कमी होतं ते युनिटमुळे. ट्रॅक्टर किती एचपीचा आहे यावरून यंदा किती एकर नांगरलं हे कळत नाही, तसंच हे. आणि युनिट रोज, पुढची पंचवीस वर्षं मिळावे लागतात. या लेखात आपण तेच बघू: व्यावसायिक सोलर प्लांटची देखभाल आणि मॉनिटरिंग म्हणजे काय, ते कुठे नीट होतं, कुठे होत नाही आणि का.

पैसे कशावर मिळतात ते बघा

मला यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम तंत्रज्ञानाचा नाही, व्यवहाराचा वाटतो. ज्याला पैसे युनिटवर मिळतात, तो प्लांटकडे रोज बघतो. ज्याला पैसे किलोवॅटवर मिळतात, तो बसवून निघून जातो.

सौर कृषी वाहिनीचंच उदाहरण घ्या. तिथे कंपनी स्वतःच्या पैशानं प्लांट उभारते आणि वीज २५ वर्षांच्या करारानं विकते. दर युनिटला साधारण तीन रुपये. शिवाय पहिली तीन वर्षं युनिटमागे १५ किंवा २५ पैसे प्रोत्साहन. जागा भाड्याची असेल तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये द्यायचे आणि दरवर्षी त्यात तीन टक्के वाढ. म्हणजे युनिट पडो न पडो, भाडं आणि कर्जाचा हप्ता चालूच. अशा कंपनीला एक इन्व्हर्टर दोन दिवस बंद राहिला तरी झळ बसते. त्यामुळे पॅनल धुणारी टीम, कंट्रोल रूम, सुटे भाग हे सगळं ती स्वतःहून ठेवते.

छतावरच्या व्यावसायिक सोलरचं बहुतेक ठिकाणी उलटं आहे. मालक किलोवॅटमागे ठरलेली रक्कम देतो, नेट मीटर बसलं की शेवटचा हप्ता जातो आणि इन्स्टॉलरचा हिशोब संपतो. नंतर युनिट कमी पडले तर नुकसान फक्त मालकाचं. आणि मालकाला ते कळतच नाही.

नुकसान कळत का नाही?

समजा, १०० किलोवॅटचा प्लांट आहे. ५४० वॅटची साधारण १८० पॅनल, १८-१८ पॅनल एका माळेत जोडून केलेल्या दहा स्ट्रिंग, आणि ५० किलोवॅटचे दोन इन्व्हर्टर. आपल्या भागात वर्षाची सरासरी धरली तर किलोवॅटला दिवसाला चार युनिट हा ढोबळ हिशोब बसतो. म्हणजे दिवसाला ४००, वर्षाला दीड लाखाच्या आसपास.

यातली एक स्ट्रिंग बंद पडली. फ्यूज गेला, कनेक्टर जळाला, किंवा वानरांनी वायर ओढली. दिवसाला ४० युनिट गेले. युनिटला १० रुपये धरले तर महिन्याला १२,००० रुपये. फ्यूज काहीशे रुपयांचा.

तरी ते लक्षात येत नाही, कारण तोटा १० टक्क्यांचा आहे आणि ऋतूमुळे होणारा चढउतार त्याच्यापेक्षा मोठा आहे. एप्रिलचं उत्पादन आणि जुलैचं उत्पादन यांची तुलनाच होत नाही. युनिट कमी दिसले की "ढग होते" हे उत्तर कायम तयार असतं. बिल पूर्वीपेक्षा कमीच आलेलं असतं, त्यामुळे तक्रार करावीशीही वाटत नाही.

जिनिंगसारख्या हंगामी धंद्यात तर हे आणखी लपतं. जिनिंग साधारण दिवाळीपासून मार्चपर्यंत चालतं. एप्रिल-मेमध्ये ऊन भरपूर, पण मशीन बंद. नेट मीटरिंगमध्ये तेव्हाचे जास्तीचे युनिट महावितरणकडे जमा होतात आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंत वापरता येतात. म्हणजे एप्रिलमध्ये बंद पडलेल्या स्ट्रिंगचा फटका डिसेंबरच्या बिलात दिसणार. तोपर्यंत आठ महिन्यांचे युनिट गेले, आणि ते परत मिळणार नाहीत.

मॉनिटरिंग म्हणजे मोबाइलवरचा हिरवा आकडा नाही

इन्व्हर्टरमध्ये सगळी माहिती असते: प्रत्येक स्ट्रिंगचा व्होल्टेज आणि करंट, ग्रिडचा व्होल्टेज, तापमान, फॉल्टची नोंद. ती डेटा लॉगरमार्फत, वायफाय किंवा सिमवरून, दर पाच-दहा मिनिटांनी कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून अॅपवर येते. अॅपच्या पहिल्या पानावर मात्र "आज इतके युनिट" आणि "इतकी झाडं वाचवली" एवढंच मोठ्या अक्षरात असतं. त्या आकड्याला तुलना नसेल तर काही अर्थ नाही.

मोठ्या प्लांटवर ही तुलना परफॉर्मन्स रेशोनं करतात. म्हणजे पडलेल्या उन्हाच्या हिशोबानं किती युनिट यायला हवे होते आणि किती आले. १०० किलोवॅटच्या प्लांटवर एखाद्या दिवशी चौरस मीटरला ६ युनिट ऊन पडलं, तर आदर्श उत्पादन ६०० युनिट. प्रत्यक्षात ४५० आले तर रेशो ७५ टक्के. ७५ ते ८० च्या आसपास असेल तर ठीक चाललंय म्हणायचं.

यासाठी ऊन मोजणारं सेन्सर लागतं, आणि लहान प्लांटवर ते नसतं. हरकत नाही. ऊन सगळ्या पॅनलवर सारखंच पडतं, म्हणून प्लांटची तुलना त्याच्याशीच करा. एकाच छतावर, एकाच दिशेला असलेल्या दोन इन्व्हर्टरपैकी एकानं २०५ युनिट दिले आणि दुसऱ्यानं १६४, तर दुसऱ्याच्या पाचपैकी एक स्ट्रिंग गेलीय असं समजायला हरकत नाही. ढगांचा बहाणा इथे चालत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तरी मी यासाठी कुठलंही भारी सॉफ्टवेअर सुचवणार नाही. आठवड्यातून एकदा एक्सेलमध्ये दोन आकडे लिहिले तरी बास.

प्रत्येक घट पॅनलमुळे नसते

डेटा नीट बघितला की दोष कुणाचा हेही कळतं. आपल्याकडे तीन गोष्टी सारख्या सापडतात.

पहिली, लाइट. "ऊन लख्ख आहे, मग लाइट गेली की सोलर का बंद पडतं?" हा प्रश्न हमखास येतो. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर ग्रिड गेली की मुद्दाम बंद होतो. नाहीतर लाइन बंद आहे असं समजून पोलवर चढलेल्या वायरमनला आपल्या सोलरचा करंट लागेल. व्होल्टेज ११० टक्क्यांच्या वर, म्हणजे २३० चा २५३ च्या पुढे गेला, तरीही त्यानं सुटायचं असतं, आणि ग्रिड स्थिर झाल्यावर किमान एक मिनिट थांबून मगच जोडायचं असतं. दुपारी आपला लोड बंद असेल आणि सगळी वीज लाइनवर जात असेल तर व्होल्टेज चढतो आणि इन्व्हर्टर सारखा ट्रिप होतो. लॉगमध्ये "ग्रिड ओव्हरव्होल्टेज" अशा नोंदींची रांग दिसली, तर पॅनल धुवून उपयोग नाही. ती नोंद घेऊन महावितरणकडे जायचं.

दुसरी, उष्णता. पॅनलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते. बीडच्या मे महिन्यात पॅनल ६५ अंशांपर्यंत सहज तापतं आणि दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के उत्पादन घटतं. म्हणजे १४ टक्के तिथेच गेले. हा दोष नाही, निसर्ग आहे. म्हणून भर उन्हाळ्यात १०० किलोवॅटवर १०० चा आकडा दिसला नाही तरी घाबरू नका.

तिसरी, धूळ. जिनिंग असेल तर सरकीच्या कापसाचे तंतूसुद्धा. धुणं सोपं वाटतं, पण वडवणीत त्याचे दोन खास प्रश्न आहेत. एक म्हणजे पाणी. पॅनलला दोन-तीन लिटर धरलं तर १८० पॅनलला एका वेळी ५०० लिटरच्या आसपास लागतं, आणि उन्हाळ्यात तेवढंही जड जातं. त्यात बोअरचं क्षाराचं पाणी वापरलं की वाळल्यावर काचेवर पांढरे डाग बसतात, आणि ते धुळीपेक्षा चिवट. शक्य असेल तर पावसाचं साठवलेलं पाणी वापरा, नाहीतर धुतल्यावर लगेच पुसून घ्या. धुवायचं पहाटे. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते.

दुसरा प्रश्न माणसांचा. पाऊस थांबला की धूळ बसायला लागते, जिनिंग सुरू होतं, आणि नेमकं तेव्हाच तालुक्यातली कामाची माणसं मोठ्या संख्येनं ऊसतोडीला गेलेली असतात. पुण्यात बसून केलेल्या देखभालीच्या वेळापत्रकात ही गोष्ट नसते. धुण्याचा माणूस दसऱ्याआधीच ठरवून ठेवावा लागतो.

पासवर्ड कुणाकडे आहे?

वडवणीत एका ओळखीच्या दुकानदाराचं अॅप बघायला मागितलं. त्यांच्याकडे फक्त "बघण्यापुरतं" लॉगिन होतं. मुख्य खातं इन्स्टॉलरच्या ईमेलवर, स्ट्रिंगचा तपशील आणि फॉल्टची यादी फक्त त्याला दिसणार. तो आता फोन उचलत नाही. प्लांटचे पैसे यांनी भरले, पण प्लांटची माहिती यांची नाही.

याला सुरक्षेचीही बाजू आहे. मुख्य खात्यावरून इन्व्हर्टर लांबून बंदही करता येतो. २०२४ मध्ये जपानमध्ये सोलर मॉनिटरिंगची सुमारे ८०० उपकरणं हॅक झाली आणि बँक खात्यांतून पैसे चोरताना ओळख लपवायला वापरली गेली. मार्च २०२५ मध्ये फोरस्काउट या सुरक्षा कंपनीनं सनग्रो, ग्रोवॅट आणि एसएमए या तीन मोठ्या उत्पादकांच्या यंत्रणांत मिळून ४६ त्रुटी दाखवल्या. केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानंही २०२५ मध्ये पीएम सूर्यघर योजनेतल्या इन्व्हर्टरचा डेटा भारतातल्या सर्व्हरवर यावा आणि संपर्कासाठी एम२एम सिम असावं अशी भूमिका घेतली. पण ती योजना घरांसाठी आहे. दुकान-कारखान्याच्या मालकानं स्वतःच काळजी घ्यायला हवी: मुख्य खातं आपल्या ईमेलवर, आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा, आणि लॉगर दुकानाच्या हिशोबाच्या वायफायवर न ठेवता वेगळ्या सिमवर.

करारात काय लिहून घ्यायचं

नवीन प्लांट घेत असाल किंवा देखभालीचा करार करत असाल, तर दर घासण्याआधी हे मागा:

• वर्षाला किमान इतके युनिट, ही लेखी हमी. १०० किलोवॅटला समजा १,४०,००० आणि दरवर्षी अर्धा-पाऊण टक्का घट. कमी पडले तर तेवढ्या युनिटचे पैसे इन्स्टॉलरनं द्यायचे. लाइट नसलेले तास लॉग बघून वजा करायचे, म्हणजे दोघांनाही न्याय.
• शेवटची १० टक्के रक्कम पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावर, युनिट मोजून.
• मुख्य लॉगिन मालकाच्या नावावर आणि डेटा डाउनलोड करायची सोय.
• तक्रारीनंतर किती तासांत माणूस येणार. "सर्व्हिस उपलब्ध" असं नको, ७२ तास असं लिहा. बीड पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आहे, अशक्य काही नाही.
• पावसाळ्याआधी अर्थिंग, सर्ज प्रोटेक्शन आणि कनेक्टरची तपासणी. फ्यूज आणि कनेक्टरचे दोन-दोन नग जागेवर.
• इन्व्हर्टरची वॉरंटी वेगळी विचारा. पॅनलची २५ वर्षं असली तरी इन्व्हर्टरची बहुतेकदा ५ ते १० वर्षंच असते.

हे मान्य करणारा इन्स्टॉलर थोडा महाग पडेल. पण वरच्या हिशोबात एक बंद स्ट्रिंग वर्षाला जवळजवळ दीड लाख रुपये खाते. दुसरा रस्ता रेस्को पद्धतीचा: प्लांट कंपनीचा, छत तुमचं, पैसे युनिटप्रमाणे. तिथे देखभालीची चिंता आपोआप कंपनीची होते.

सरकारनंही युनिट मोजावेत

हाच नियम सौरपंपांनाही लागू आहे. पीएम-कुसुममध्ये प्रत्येक पंपाला सिमवर चालणारी दूरनियंत्रण यंत्रणा सक्तीची आहे, आणि 'मागेल त्याला सौर कृषीपंप' योजनेत पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी कंत्राटदाराची आहे. म्हणजे डेटा आहे, जबाबदारीही कागदावर आहे. तरी बातमी येते ती किती पंप बसले याची. या महिन्यात त्यातले किती चालू होते, हा आकडा तालुकावार जाहीर केला तर कंत्राटदार आपोआप जागे राहतील. त्यासाठी नवीन यंत्रणा लागणार नाही, असलेली माहिती लोकांना दाखवावी लागेल.

तोपर्यंत आपल्या छतापुरतं तरी हे करता येईल. आज संध्याकाळी अॅप उघडा, दोन्ही इन्व्हर्टरचे युनिट शेजारी-शेजारी लिहा. एकच इन्व्हर्टर असेल तर स्ट्रिंगचे दुपारचे करंट बघा. आकडे जवळजवळ सारखे असतील तर छान. नसतील तर आजच फोन करा, आणि फोन कुणाला करायचा हेच माहीत नसेल, तर ते आधी शोधा.