तयार भाषण नको, सरकारी कागद वाचू द्या

आखाडा बाळापुरात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती यांच्या गर्दीत १७ नंबरच्या फॉर्मवाली, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देणारी, मुलंही येतात. कुणी आईबापामागं उसाच्या फडावर गेलेला, कुणाची शाळा लांब पडते म्हणून सुटलेली, तर एखाददुसऱ्या मुलाला आईवडिलांनी ठरवूनच घरी शिकवायला घेतलेलं. यांच्यातही बोलायची हौस असलेली पोरं असतात. स्पर्धेची जाहिरात पुढं करतात आणि म्हणतात, "मावशी, या विषयावर भाषण काढून द्या." मी छापून देते, पानाचे पैसेही घेते. पण वादविवादाला त्या पानांचा काडीचा उपयोग नाही.

तयार भाषणाला एकच बाजू असते. समोरच्यानं "हा आकडा कुठला?" असं विचारलं की पाठ केलेलं पोर तिथंच अडतं. अमेरिकेत घरी शिकणाऱ्या मुलांच्या वादस्पर्धा नव्वदच्या दशकापासून होतात. धोरणावरच्या वादात तिथं वर्षभर एकच विषय असतो आणि त्याच मुलांना एका फेरीत बाजूनं, तर दुसऱ्या फेरीत विरोधात बोलावं लागतं. मग गोड बोलण्यावर भागत नाही, पुरावा लागतो. आपल्याकडं स्पर्धा उदंड, पण विषय कळतो आठ दिवस आधी आणि बक्षीस जातं आवाजाला.

पुराव्याचं म्हणाल तर तो फुकट आहे, त्यातला बराचसा मराठीतही. राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी निघते. शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर मिळतात. अडलेल्या शब्दाला मराठी विश्वकोश आहे. लोकसभेत कोणत्या खासदारानं काय विचारलं आणि मंत्र्यानं काय उत्तर दिलं, तेही पाहता येतं. कळमनुरीचे राजीव सातव २०१४ ते २०१९ हिंगोलीचे खासदार होते, त्यांना संसदरत्न पुरस्कार मिळाला होता. त्यांचे प्रश्न काढून वाचले तरी नेमका प्रश्न कसा विचारायचा, ते पोराला कळेल.

विषयही लांबून आणायला नको. मराठवाडा विकास मंडळ पुन्हा नेमावं का, हाच घ्या. १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन मंडळं आली, ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. बाजूनं बोलणारी मुलगी विभागांमधला असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीपासून सुरू करील. समितीनं १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष, म्हणजे विकासातली तूट, ३,१८६ कोटी काढला, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. इथं टाळ्या पडतात. पण विरोधातल्यानं तोच तक्ता पुढं वाचला असेल तर तो म्हणेल, उर्वरित महाराष्ट्राचा अनुशेष सुमारे १,१८९ कोटी होता, म्हणजे तुमच्यापेक्षा जास्त. मग रडगाणं कशाला?

खरा वाद इथून सुरू होतो. मुलीनं तयारी केली असेल तर ती सांगेल, मुंबई, कोकण, पुणे, नाशिक सगळं 'उर्वरित'मध्ये येतं. तिथं जिल्हे जास्त, माणसं जास्त, म्हणून एकूण रक्कम नव्हे, माणशी तूट बघा. त्यावर तो विचारील, दांडेकरांनी जिल्हा मोजला, २०१३ च्या केळकर समितीनं तालुका धरला. मग मंडळ विभागाचं कशाला? आणि २६ वर्षं मंडळ होतंच, तेव्हा काय झालं? तिनं म्हणावं, मंडळाच्या हाती शिफारस होती, तिजोरी नव्हती. हिंगोली तर १९९९ पर्यंत परभणीतच होती, तिचा हिशोब वेगळा कुणी मांडला? एवढं बोलायला वक्तृत्वाचा क्लास लागत नाही. चार कागद लागतात आणि ते दोन्ही बाजूंनी वाचायची सवय लागते.

ही सवय मात्र एकट्यानं लागत नाही. शाळेतल्या पोराला वर्गात उलट बोलणारे भेटतात. घरी शिकणाऱ्याला आई भेटते, आणि आई लेकराचंच म्हणणं उचलून धरते. म्हणून माझं म्हणणं, गावच्या सार्वजनिक वाचनालयानं आठवड्यातला एक तास या मुलांना द्यावा. निवृत्त गुरुजी, बाजार समितीतला हिशोबनीस, एखादा वकील, ज्याला खोडून काढायची खोड आहे असा कुणीही चालेल. आधी बाजूनं बोलवायचं, मग बाजू उलटून विरोधात. वर्षभर एकच विषय. खर्च काय तो झेरॉक्सचा.

तयारी झाली तरी दार उघडं पाहिजे. कितीतरी स्पर्धांच्या प्रवेशअर्जांत तळाशी मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का मागतात. १७ नंबरवाल्यानं तो कुठून आणायचा? आयोजक म्हणतात, शिक्का नसला तर वयाची खात्री कशी करायची, कुणीही मोठा घुसेल. शंका रास्त आहे. पण वय तर आधार कार्डावर असतं, आणि १७ नंबरच्या खासगी विद्यार्थ्याला परीक्षा मंडळाचं नावनोंदणी प्रमाणपत्र मिळतं. जे प्रमाणपत्र दहावीच्या परीक्षेला चालतं, ते पाच मिनिटांच्या भाषणाला का चालू नये? मुक्त विद्यालयाच्या मुलांकडं त्यांचं ओळखपत्र असतं, तेही धरा.

यंदाच्या स्पर्धेचे अर्ज छापायला टाकण्याआधी आयोजकांनी सहीच्या रकान्यात "किंवा नावनोंदणी प्रमाणपत्र" एवढे तीन शब्द घालावेत. आणि विषय आठ दिवस आधी न देता जूनमध्येच जाहीर करावा. मग "मावशी, भाषण काढून द्या" म्हणणारं पोर आर्थिक पाहणीतलं पान मागायला येईल. माझा धंदा बुडत नाही, पानाचा दर तोच आहे.