वणव्याचें हवामान व एक माप

भांडुपच्या पश्चिमेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. गवत वाळलें कीं त्यांच्या अंगावर रात्रीं कधीं कधीं जाळाची रेघ दिसते. शहरवासी ती पाहून खिडकी लावून घेतो. परंतु ठाणें व रायगड जिल्ह्यांतील भातकरी बंधूंचा वणव्याशीं फार निकटचा संबंध आहे, व तिकडे आम्ही सभासदांचें लक्ष वेधूं इच्छितों.

राब भाजल्यावांचून ज्यांचें रोप होत नाहीं असे शेतकरी अजून पुष्कळ आहेत. (नेरळकडील सगुणा तंत्रांत रोप लावण्याची गरजच उरत नाहीं, पण तो विषय निराळा.) राबाचा विस्तव वाऱ्यानें रानांत गेला म्हणजे काय होतें? १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या २६ व्या कलमान्वयें राखीव वनांत आग लावणें हा गुन्हा आहे. एवढेंच नव्हे, तर आग बुद्ध्या वा घोर निष्काळजीपणानें लागली असें ठरल्यास त्या वनांतील चराईचे व वनोपजाचे हक्क सरकार कांहीं काळ स्थगित करूं शकतें. म्हणजे एकाची ठिणगी, आणि साऱ्या गांवचीं गुरें दावणीला! सबब आज भाजावें कीं थांबावें हें विश्वासानें सांगणारी सूचना मिळणें हा शेतकऱ्याचा हक्क होय, असें आमचें मत आहे.

सूचना देणारीं खातीं कमी नाहींत. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहाच्या साह्यानें आगीची वर्दी देते. पूर्वीं उपग्रहाचा ठिपका एक किलोमीटरचा असे, २०१७ पासून ३७५ मीटरांचाही मिळूं लागला. पण वर्दी ही आग लागल्यानंतरची. पूर्वसूचना द्यावयाची तर उष्णता, दमटपणा, वारा व पाऊस हीं नीट कळलीं पाहिजेत, आणि तीं मोजणारे हात अनेक. हवामान खात्याच्या वेधशाळा निराळ्या. कृषि खात्याच्या महावेध योजनेचीं मंडळनिहाय केंद्रें, दोन हजारांहून अधिक, तीं निराळीं.

येथें खरी अडचण आहे. जमिनीलगत वारा मंद असतो, वर वेगवान. कानडा देशांत वणव्यासाठीं तो १० मीटरांवर मोजतात, अमेरिकेंत २० फुटांवर. एकाच वाऱ्याचे दोन आंकडे होतात. पण त्या त्या देशांत उंची ठरलेली आहे, म्हणून घोटाळा होत नाहीं. वेळेचेंही तसेंच. कानडांत दुपारीं बाराचें मान धरतात. कोंकणांत सकाळीं साडेआठाचा दमटपणा वाचून कोणासही रान ओलें वाटेल. दुपारीं दोनला तेंच गवत काडीसारखें पेटतें.

महसूल खात्यांत आमचीं उमेदीचीं वर्षें गेलीं. ३३ फुटांची साखळी सर्वत्र एक, म्हणून गुंठा म्हटला कीं पालघरच्या व सावंतवाडीच्या माणसास एकच जमीन दिसते. वाऱ्यासही अशी साखळी हवी. खात्यांत माहितीची देवघेव चालतेच, असें कोणी म्हणेल. देवघेव चालो, निरनिराळ्या मापांचें धान्य एका कणगींत ओतल्यानें त्याची मोजदाद होत नाहीं.

तेव्हां हवामान, वन व कृषि हीं तिन्ही खातीं, मुंबई-ठाण्याचीं अग्निशमन दलें आणि दापोलीचें कृषि विद्यापीठ यांनीं एकत्र बसून उंची, वेळ व धोक्याच्या पायऱ्या ठरवाव्या. पायऱ्यांचीं नांवें मराठी व सर्वांचीं एकच असावींत. रोज "धोका आहे" असें सांगणाऱ्यावर चार दिवसांत कोणी विश्वास ठेवीत नाहीं. मोकळे दिवसही तितक्याच स्पष्टपणें सांगितले पाहिजेत. हंगामही पंचांग पाहून धरूं नये. गोरेगांवाकडील आरेच्या रानांत मोठी आग लागली ती ३ डिसेंबर २०१८ रोजीं, ऐन थंडींत. मंगळवारीं व शुक्रवारीं निघणाऱ्या कृषि-हवामान पत्रकांत या सूचनेस चार ओळी मिळाव्या आणि तें ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावें. राबासाठीं कवळ तोडण्यास शेतकरी रानांत जाऊं लागतो, त्याच्या आधीं पहिलें पत्रक गांवांत पोहोंचलें पाहिजे.