वाकड्या तोंडाचे वाचन

मराठीत तोंड वाकडे करणे म्हणजे नापसंती दाखवणे. या वाक्प्रचाराला कर्ता आहे, हेतू आहे. तोंड आपोआप वाकडे होते तेव्हाही समोरचा त्यात हेतूच वाचतो, हे आम्हाला गेल्या जुलैत कळले.

आम्ही दोघी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. एके सकाळी चूळ भरताना आमच्यापैकी एकीच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी गळू लागले. आरशात पाहते तो डावी भुवई, गाल, ओठ सारेच खाली ओघळलेले. अर्धांगवायूच्या धास्तीने रुग्णालय गाठले. निदान झाले बेल्स पाल्सीचे : चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या मज्जातंतूला सूज, आणि म्हणून लुळेपणा. ७२ तासांच्या आत स्टेरॉइड सुरू झाले. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत वा महिन्यांत बरे होतात, असे डॉक्टर म्हणाले. त्या 'बहुतेक'चे आम्ही जितके बारकाईने वाचन केले, तितके कुठल्या कवितेचेही केले नसेल.

तिसऱ्या आठवड्यात ती वर्गावर गेली. विषय ध्वनिविचार. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण. आणि ओठच मिटत नव्हते. हसून वेळ मारून न्यावी, तर हसू अर्धेच उमटले. अर्धे हसू छद्मी दिसते. तास संपल्यावर एका मुलीने विचारले, "मॅडम, आमच्यावर रागावलात का?"

दोष त्या मुलीचा नाही. चेहरा हा मनाचा आरसा, हे व्यक्तिचित्रण शिकवताना आम्हीच वर्षानुवर्षे सांगत आलो. ज्या चार्ल्स बेल यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो, त्यांनीही १८०६ साली चित्रकारांसाठी भावदर्शनाच्या शरीररचनेवर ग्रंथ लिहिला होता. या समजुतीची किंमत ललिता पवार यांनी मोजली. १९४२ साली चित्रीकरणात बसलेल्या थपडेने त्यांच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला. उपचारांत सुमारे तीन वर्षे गेली आणि डाव्या डोळ्यातले व्यंग कायमचे राहिले. नायिकेच्या भूमिका संपल्या. तो जायबंदी डोळा मग खाष्ट सासूच्या दुष्टपणाची खूण म्हणून वाचला गेला. 'अनाडी'तल्या (१९५९) मायाळू मिसेस डिसाचा डोळाही तोच होता, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

"मन सुंदर असले की झाले," असे सांगणारे हितचिंतकही पुष्कळ भेटले. हे सांत्वन आम्हाला मान्य नाही. मिटत नसलेल्या डोळ्यावर रात्री चिकटपट्टी लावून झोपणाऱ्या बाईला आपला जुना चेहरा परत हवा असतो, तो मिरवण्यासाठी नव्हे. चेहरा हे निम्मे बोलणे आहे. गेलेले बोलणे परत मागणे याला हव्यास म्हणू नये. पहिले दोन महिने ती आरशात दिवसातून वीसदा पाही. अखेर स्टाफरूममधला आरसाच आम्ही हलवला. (इतरांची थोडी गैरसोय झाली.)

मज्जातंतूची वाढ फार सावकाश होते, दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर; आणि वाढताना कधी कधी तो वाटही चुकतो. दिवाळीच्या सुटीनंतर तिच्या ओठांवर स्वच्छ 'प' उमटला. मात्र तो उच्चारताना डावा डोळाही मिटतो. हे डोळा मारणे नव्हे, असे तिने वर्गात आधीच सांगून ठेवले आहे.