मोठ्यांचं पाकीट, छोट्यांचं दुकान

'नोकरी सोडलीस तर काय करशील?' हा प्रश्न एकदा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये टाकून बघा. कुणी कॅफे काढणार असतं, कुणी गोव्यात शॅक, कुणी कोकणात होम-स्टे. आणि प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी जण म्हणतोच, 'मी ना, लहान मुलांच्या पुस्तकांचं छानसं दुकान काढणार!' मग चित्र रंगतं. खाली बसायला चटया, रंगीबेरंगी उशा, कोपऱ्यात दिव्यांच्या माळा आणि पुस्तकात नाक खुपसून बसलेली गोंडस पोरं. ऐकणारे 'ऑऽऽ, सो स्वीट!' करतात, कटिंग संपवतात आणि आपापल्या क्युबिकलमध्ये परततात.

या आठवड्यात हे स्वप्न जरा सीरियसली घेऊ या. असं दुकान चालतं का? आणि चालत असेल, तर नेमकं कशाच्या जिवावर? उशांच्या तर नक्कीच नाही.

मेग रायनचं दुकान बुडालं, पण...

'यू हॅव गॉट मेल' आठवतोय ना? १९९८ चा सिनेमा. मेग रायनचं आईकडून आलेलं मुलांच्या पुस्तकांचं इवलंसं दुकान, आणि जवळच उघडलेलं टॉम हँक्सचं भलंमोठं डिस्काउंटवालं बुकस्टोअर. शेवटी टॉम मिळतो, पण दुकान जातं. आपण सगळे रुमाल काढून रडलो आणि मनात एक गोष्ट पक्की झाली : छोटं दुकान म्हणजे गोड, आणि गोड म्हणजे बुडणारं.

आता खरी गंमत ऐका. त्या दुकानाची कल्पना न्यूयॉर्कच्या 'बुक्स ऑफ वंडर'वरून घेतलेली होती. पीटर ग्लासमन यांनी १९८० मध्ये सुरू केलेलं हे मुलांच्या पुस्तकांचं दुकान. भूमिकेच्या तयारीसाठी मेग रायननं तिथं काउंटरमागे उभं राहून काम करून पाहिलं होतं. सिनेमातलं दुकान बंद पडलं, पण या खऱ्या दुकानानं जागा बदलत बदलत चाळिशी ओलांडली. उलट 'बॉर्डर्स' ही बलाढ्य अमेरिकन साखळी २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिची उरलीसुरली ३९९ दुकानं बंद झाली. म्हणजे खऱ्या आयुष्यात बुडाला तो टॉम हँक्स!

हे जमलं कसं? 'बुक्स ऑफ वंडर'नं मोठ्या दुकानाशी डिस्काउंटची कुस्ती खेळायचं टाळलं. लेखकाच्या सहीच्या प्रती, जुन्या दुर्मिळ आवृत्त्या, चित्रपुस्तकांची मूळ चित्रं असा माल ठेवला. 'विझर्ड ऑफ ऑझ'च्या मालिकेसारखी जुनी गाजलेली पुस्तकं देखण्या रूपात पुन्हा छापून घेतली. थोडक्यात, ट्रॉलीत ढकलून विकता येत नाही अशा गोष्टी.

गिऱ्हाईक एक नाही, दोन

मुलांच्या पुस्तकांच्या धंद्यातला मोठा फंडा हा की इथं वाचणारा वेगळा आणि पैसे देणारा वेगळा. बुटाच्या दुकानात निदान पाय तरी मुलाचाच मोजतात. पुस्तकाच्या दुकानात प्रश्न थेट आईला विचारला जातो, 'मॅडम, कितवीत आहे?'

शनिवारी संध्याकाळी कुठल्याही पुस्तक प्रदर्शनात मुलांच्या स्टॉलजवळ दहा मिनिटं उभे राहा. चिरंजीव डायनोसॉरचं पुस्तक धरून बसलेत. आई म्हणते, 'अरे, यात नुसती चित्रं आहेत. वाचायला काहीच नाही!' बाबा पाठीमागची किंमत बघतात. आजीला संस्कारकथा हव्यात. शेवटी घरी काय जातं? जनरल नॉलेज, हस्ताक्षर सुधारा, किंवा '१०१ गोष्टी'. बिल झालं, सगळे खूश. फक्त ज्याच्यासाठी घेतलं तो सोडून. आणि तोच पुढच्या महिन्यात 'चल ना, पुस्तकं घ्यायला जाऊ' असं म्हणणार नसतो.

चालणारं दुकान आणि बंद पडणारं दुकान यांतला फरक इथं आहे, बॉस. बंद पडणारं दुकान पाकिटाशी बोलतं. चालणारं दुकान आधी मुलाशी बोलतं आणि मग पाकिटाला पटवतं. 'काकू, त्याला चित्रं बघू द्या. डायनोसॉरचं एक घ्या, आणि हे दुसरं तुम्ही रात्री त्याला वाचून दाखवा.' हे सांगायला समोरच्या माणसानं ती दोन्ही पुस्तकं स्वतः वाचलेली लागतात. सेल्समन ठेवून हे होत नाही.

अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात 'वाइल्ड रम्पस' नावाचं दुकान आहे, १९९२ मध्ये सुरू झालेलं. त्याच्या मोठ्या दारातच मुलांच्या उंचीचं एक छोटं जांभळं दार आहे. मोठ्यांनी मोठ्या दारानं यावं, पोरांनी आपल्या. आत मांजरं मोकळी फिरतात. आता तुम्ही म्हणाल, ही तर गिमिक झाली! पण त्या दारातून आत येणाऱ्या पाच वर्षांच्या पोराला पहिल्या सेकंदाला कळतं, हे दुकान माझं आहे, आईचं नाही. पुढचा वीकएन्ड कुठं घालवायचा हे मग तोच ठरवतो. ॲमेझॉननं १९९५ मध्ये पुस्तकं विकायला सुरुवात केली, म्हणजे हे दुकान तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठं. २०१७ मध्ये 'पब्लिशर्स वीकली'नं त्याला वर्षातलं सर्वोत्तम बुकस्टोअर म्हणून निवडलं.

आता कॅल्क्युलेटर काढा

स्वप्नाचा गोड भाग संपला. एक्सेल शीट उघडा.

आपल्याकडे पुस्तक विक्रेत्याला छापील किमतीवर साधारण ३० ते ४० टक्के सूट मिळते. मधला आकडा धरू, ३५ टक्के. अडीचशे रुपयांच्या पुस्तकामागे तुमच्या हातात साडेसत्त्याऐंशी रुपये. समजा, बऱ्यापैकी वस्तीत चाळीस हजार भाड्यानं गाळा मिळाला. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, ही चांगली बातमी. पण घरमालक जीएसटीवाला असेल तर भाड्यावर १८ टक्के लागतात आणि तुमच्या मालावर करच नसल्यामुळे ते कुठे वजाही करता येत नाहीत. म्हणजे भाडं झालं ४७,२००.

नुसतं एवढं काढायला महिन्याला ५४० पुस्तकं विकायला हवीत. महिन्याचे २६ दिवस दुकान उघडं धरलं तर रोज २१. यात वीजबिल नाही, मदतनिसाचा पगार नाही, तुमचा पगार तर नाहीच नाही.

आता गिऱ्हाईक म्हणतं, 'ऑनलाइन स्वस्त मिळतं हो, तुम्ही काय द्याल?' तुम्ही भिडेखातर दहा टक्के सोडता. फक्त दहा! साडेसत्त्याऐंशीचे झाले साडेबासष्ट आणि ५४० ची झाली ७५६ पुस्तकं. रोजची २१ नाहीत, २९. किमतीवरचे दहा टक्के तुमच्या कमाईतले जवळपास तीस टक्के खाऊन जातात. फ्रान्समध्ये १९८१ च्या कायद्यानं नव्या पुस्तकावर पाच टक्क्यांपेक्षा जास्त सूट द्यायला बंदी आहे. त्यामुळे तिथं छोटं दुकान आणि मोठं दुकान किमतीत जवळपास बरोबरीला. आपल्याकडे तसं काही नाही. इथं सुटीच्या मैदानात उतरलात की तुमचा 'बुक्स ऑफ वंडर' नाही, थेट सिनेमाच होतो.

मग चालवतात ते काय करतात?

दुकानाबाहेर पडतात! दिल्लीचं उदाहरण घ्या. एम. वेंकटेश आणि स्वाती रॉय यांनी २००३ मध्ये अलकनंदा भागात 'युरेका' हे फक्त मुलांच्या पुस्तकांचं दुकान सुरू केलं. पुस्तकं मांडून वाट बघत बसण्याऐवजी गोष्टी सांगणं, लेखकांना मुलांसमोर आणणं हे सुरू ठेवलं. त्यातूनच २००८ मध्ये 'बुकारू' हा मुलांचा साहित्य महोत्सव उभा राहिला. तो पुढे आपल्या पुण्यातही भरला. २०१७ मध्ये लंडन बुक फेअरमध्ये त्याला साहित्य महोत्सवासाठीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सुरुवात कुठून? बाजारातल्या एका दुकानातून.

मुंबईत प्रभादेवीच्या 'कहानी ट्री'नं भारतीय लेखक-चित्रकारांच्या पुस्तकांवर भर दिला आणि पुस्तकं घेऊन थेट शाळा गाठल्या. हा हिशेब नीट समजून घ्या. दुकानात रोज २१ गिऱ्हाइकं यायची वाट बघायची, की दोन दिवस शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडून दीड-दोन हजार मुलांसमोर जायचं? तिथं भाडं नाही, आणि पोरं वर्गावर्गानं तुमच्यासमोर आणून उभी केली जातात. शिवाय शाळेच्या लायब्ररीची ऑर्डर मिळाली तर एकदम शंभर-दोनशे पुस्तकं जातात.

पण मग दुकान हवंच कशाला? कारण शाळेत भेटलेलं मूल पुढच्या शनिवारी परत कुठं येणार? दुकान ही त्या नात्याची जागा. पैसे बाहेरून येतात, माणसं आत येतात.

आणि मराठीचं काय?

इथं जरा पोटात गोळा येतो. मराठी चित्रपुस्तक समजा पंचाहत्तर रुपयांचं. त्याच ३५ टक्क्यांनी हातात सव्वीस रुपये पंचवीस पैसे. आपलं ४७,२०० चं भाडं काढायला किती पुस्तकं? १,७९९. म्हणजे दिवसाला जवळजवळ सत्तर! माल चांगला नाही अशातला भाग नाही. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं बघा. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं बघा, ज्यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. २००४ मध्ये सुरू झालेल्या 'प्रथम बुक्स'नं तर मराठीसह अनेक भाषांत स्वस्त आणि सुंदर पुस्तकं आणली. पण पुस्तक मुलांना परवडावं म्हणून किंमत कमी ठेवायची, आणि किंमत कमी म्हणून ते विकणं दुकानदाराला परवडत नाही. मग ते मागच्या रॅकवर, खालच्या कप्प्यात, गाइडांच्या शेजारी जातं.

आणि गिऱ्हाईक तर आहे! आपल्याच पिढीचं. पोरांना इंग्लिश मीडियममध्ये घातलेलं, आणि पोरगं आजीशी मराठीत बोलत नाही म्हणून रात्री हळहळणारं. या आईबाबांना 'मराठी वाचवा'चं भाषण नकोय. त्यांना एवढंच सांगणारं कुणीतरी हवंय : तुमच्या सात वर्षांच्या मुलीला जोडाक्षरं अडतात ना, मग हे पुस्तक घ्या, आणि ती हसली की पुढच्या आठवड्यात ते दुसरं. वेबसाइटवर तारे मिळतात, हे वाक्य मिळत नाही. मराठी दुकान चाललंच तर ते या वाक्यावर चालेल. फक्त त्याला चाळीस हजारांचा गाळा परवडणार नाही. इंग्रजी आणि मराठी शेजारी शेजारी मांडायची, सोसायट्यांच्या क्लब हाऊसमध्ये, शाळांत, गणपतीच्या मंडपात टेबल लावायचं, महिना वर्गणीची छोटी लायब्ररी जोडायची, असं काहीतरी करावं लागेल.

तरीही करायचंय?

शाब्बास! मग राजीनामा टाइप करण्याआधी एवढं करा :

* शंभर पुस्तकं वाचा. मुलांचीच. प्रत्येक पुस्तक कुठल्या वयाच्या, कुठल्या स्वभावाच्या मुलाला द्याल ते एका ओळीत लिहा. कंटाळा आला तर हा धंदा तुमचा नाही. बरं झालं, स्वस्तात कळलं.

* सहा शनिवार टेबल लावा. आपल्याच सोसायटीत. गाळा नको, बोर्ड नको. सहाव्या शनिवारी पहिल्या शनिवारची किती मुलं परत आली ते मोजा. विकलेल्या पुस्तकांपेक्षा हा आकडा महत्त्वाचा.

* न विकलेली पुस्तकं परत घेणारा वितरक शोधा. सूट दोन टक्के कमी मिळाली तरी चालेल. धूळ खाणारा स्टॉक म्हणजे अडकलेले पैसे.

* एका वर्षाचा घरखर्च बाजूला ठेवा. दुकानाच्या भांडवलात तो मोजायचा नाही. ईएमआयला गोष्टी आवडत नाहीत.

* डिस्काउंटचा बोर्ड लावू नका. त्याऐवजी खुर्चीवर बसा आणि मोठ्यानं वाचायला लागा. पोरं जमतात. हा फुकटातला सगळ्यात जुना मार्केटिंग फंडा आहे.

आणि शेवटचं. मुलांच्या दुकानाचं गिऱ्हाईक दर काही वर्षांनी मोठं होतं आणि निघून जातं. दहावीला गेलं की दिसेनासं होतं. दरवर्षी नवे पाच वर्षांचे लोक शोधावे लागतात, आणि त्यांना तुमचं नाव माहीत नसतं. हे ऐकून टेन्शन आलं असेल तर कॅफेच काढा. पण 'अरे वा, म्हणजे दरवर्षी कुणीतरी पहिलं पुस्तक माझ्याकडून नेणार!' असं वाटलं असेल, तर पुढच्या शनिवारसाठी सोसायटीच्या सेक्रेटरींना टेबल मागून ठेवा.