कागदावरचा नफा आणि गल्ल्यातील रोकड

बंगळुरूच्या सर्जापूर रोडवर दोड्डकन्नेल्ली येथे विप्रोचे मुख्यालय आहे. या कंपनीची मुळे मात्र जळगाव जिल्ह्यातील अमळनेरची. १९४५ साली महंमद हाशम प्रेमजी यांनी स्थापन केलेल्या कंपनीने तेथे वनस्पती तुपाचा कारखाना उभारला. पुढे धुण्याचा साबण आला. संगणकाकडे वळेपर्यंत तीन दशकांहून अधिक काळ लोटला होता. या रस्त्यावर पहिलाच व्यवसाय थाटू पाहणाऱ्या मराठी तरुणाच्या डोळ्यांत काचेच्या इमारती भरतात. अमळनेरचे तूप-साबण त्याला सहसा आठवत नाहीत.

समजा, एखाद्या दांपत्याने या इमारतींना पोळी-भाजीचे डबे पुरवण्याचे ठरवले. स्वतःजवळची पुंजी सहा लाख. बंगळुरूत दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागण्याची जुनी प्रथा आहे. चाळीस हजार भाड्याचा गाळा घेतला, की चार लाख पहिल्याच दिवशी घरमालकाच्या खिशात गेले! उरलेल्या दोन लाखांत शेगड्या, भांडी आणि पाटी.

दररोज शंभर डबे, प्रत्येकी शंभर रुपये, खर्च सत्तर. हिशेब उत्तम दिसतो. परंतु देयक महिनाअखेरीस जाते आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवसांनी पैसे येतात. पहिल्या डब्याचे मोल हाती पडेपर्यंत अडीच महिने उलटतात. त्यातील कामाचे पन्नास दिवस धरले तरी साडेतीन लाख रुपये पीठ, भाजी, गॅस आणि मजुरीत गुंतलेले असतात. कागदावर दीड लाखाचा नफा, आणि भाजीवाल्याला द्यायला पैसे नाहीत! पहिलेपणाचे अनेक व्यवसाय येथेच अडखळतात. माल वाईट म्हणून नव्हे.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे, लेखी करार असला तरी, पंचेचाळीस दिवसांत चुकते करावे लागते. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. मात्र त्यासाठी पुरवठा सुरू होण्यापूर्वी ‘उद्यम’ नोंदणी झालेली असावी. ती विनामूल्य आहे, तरीही दलालाला पैसे मोजणारे भेटतातच. केवळ तयार माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही.

दोष एकट्या उद्योजकाचा नाही. शेगडीचे दरपत्रक आणले, की शाखेत मुदत कर्जाचा अर्ज लगेच पुढे सरकतो. येणे वसूल होईपर्यंत घर कसे चालणार, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत कर्ज विनातारण मिळते आणि ते खेळत्या भांडवलासाठीही घेता येते. अर्जदाराने त्याची मागणी आरंभीच करावी. रोकड आटल्यावर धावत आलेल्या माणसाला ती मंजूर करणे शाखाधिकाऱ्यालाही कठीण जाते.

दांपत्याने पहिले वर्ष आतल्या गल्लीतील छोट्या गाळ्यात काढावे, अन्न परवाना घ्यावा आणि निम्मे डबे रोखीने पैसे देणाऱ्या घरांना द्यावेत. मुख्य रस्त्यावरची पाटी दुसऱ्या वर्षी लागली तरी चालेल.